उलटी बांधलेली गाठ

छोट्या बालवीरांच्या पथकात शिरायला एकच परीक्षा होती: दोन दोऱ्या सपाट गाठीनं जोडायच्या. जो पास होईल तो शनिवारी ओढ्यावर जाणार, दगड उलटून खाली कोण राहतं ते बघायला. बाकीच्यांनी पुढच्या सत्रात यायचं. चिंगीला तर शनिवारपर्यंतही धीर धरवत नव्हता.

गाठ तिला बाबांनी शिकवली होती. ते खुर्च्यांच्या गाद्या शिवायचे. दोरी रोज हातात. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ते, समोर ती. ते ज्या बाजूचं टोक वर घेतील, त्याच बाजूचं ती घ्यायची.

तिची पाळी आली. तिनं झरझर गाठ मारली.

"चुकलं," पथकप्रमुख ताई म्हणाल्या. "आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. तू बरोब्बर उलटं केलंस."

"बाबांचं बघून शिकले."

"समोर बसून?"

"हो."

"मग आरशातलीच गाठ शिकलीस की!"

मुलं फिदीफिदी हसली. चिंगीचे कान तापले, पण दोरी तिनं सोडली नाही.

"ताई, चुकली असेल तर ती सुटेल ना?"

"सुटायला हवी."

"ओढून बघू?"

एक टोक ताईंनी धरलं, दुसरं ढोल्यानं. तो पथकातला सगळ्यात दांडगा मुलगा. त्यानं दात-ओठ खाऊन ओढलं. गाठ जागची हलली नाही.

ताईंनी शेजारी नियमाप्रमाणे दुसरी गाठ मारली. दोन्ही निरखल्या. मग चिंगीची गाठ पालथी घातली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, या तर सारख्याच! इतकी वर्षं शिकवतेय, पण हे करून बघायचं कधी सुचलंच नाही."

"म्हणजे मी पास?"

"पास. शनिवारी रबरी बूट घालून ये."

चिंगीनं मान डोलावली. पण तिचे डोळे दोरीवरच.

"आणि दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर?"

"मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "बांध."

तिनं बांधली. ढोल्यानं पुन्हा सगळा जोर लावला. गाठ सर्रकन घसरली आणि तो धपकन मागे बसला.

"आई गं! ए चिंगे, आधी सांगायचंस ना!"

"मला तरी कुठं माहीत होतं?" चिंगी म्हणाली आणि दोरी उचलायला धावली.