पूल चढणारी गाडी

अंबरनाथच्या कारखान्यातली ड्रॉइंगची नोकरी गेल्यापासून यज्ञेश घरात अंग चोरून वावरायचा. घर चालायचं ते बायकोच्या, सईच्या शिवणयंत्रावर. बेलवलीतल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज तिच्या हाताखालून जायचे. मेव्हणा सुजित मात्र दर भेटीत हसत विचारायचा, "काय भावोजी, सध्या आरामच ना?" असलं विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, नुसती मजा हवी असते.

म्हणून यज्ञेशनं जुन्या मोटारसायकलचं इंजिन उतरवलं आणि तिथे विजेची मोटार बसवली. उल्हासनगरला सुट्या भागांचं दुकान असलेल्या हरेशशेठनी त्याला शब्द दिला होता, "दो सवारी लेके बदलापूर का पुल चढ़ा दो साईं, आगे की सब गाड़ियाँ तुम्हारी." गाड्या विजेवर करून देण्याचं सगळं काम मिळेल, या एका शब्दावर तो दिवस काढत होता.

पहिल्या खेपेला गाडी पुलाच्या मध्यावरच बसली. मोटार इतकी तापली की हात लावता येईना. दोष मोटारीचा नव्हता, चेन-स्प्रॉकेटचं गणित चुकलं होतं. मागचं दातेरी चक्र मोठं घेतलं तर वेग घटेल पण ओढ वाढेल. आणि विजेची मोटार पहिल्या क्षणापासून सगळा जोर लावते, तेव्हा जुनी बारीक चेन टिकायची नाही, जाडच हवी. हे सगळं त्यानं दुकानात उभं राहून शेठना समजावलं, तेव्हा कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज पूर्वीसारखा ठाम झाला. शेठनी मुकाट्यानं हवं तसं चक्र आणि चेन काढून दिली.

बसवताना मोठं चक्र चेनच्या कव्हरला घासायला लागलं. यज्ञेशनं कव्हर काढून भिंतीला टेकवलं. नवं करायचं होतं, त्याचं चित्रही काढून झालं होतं. पण रविवारी पुलापलीकडे कुळगावात सुजितच्या बायकोचं डोहाळजेवण होतं आणि सईनं हट्ट धरला.

"आज गाडीवरच जायचं. बघू देत सगळ्यांना."

"अगं, कव्हर राहिलंय."

"कव्हर कोण बघतंय? मी पदर खोचून बसते."

तो लगेच कबूल झाला. खरं तर त्यालाही तेच हवं होतं.

गाडी पूल चढली. न कुरकुरता, दोघांना घेऊन, रिक्षांना मागे टाकत चढली. वर पोचल्यावर सईनं त्याच्या पाठीवर थाप मारली. इतकी खुशीत तिला त्यानं नोकरी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

सुजितच्या दारात ती उतरली आणि खोचलेला पदर सुटला. काठ चेनमध्ये अडकला. ठेवणीतली साडी, फाटू नये म्हणून ती वाकली आणि बोटांनी काठ सोडवू लागली. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, ही तिची जन्माची सवय. यज्ञेशचीही तीच. किल्ली फिरवायची राहून गेली होती. "काय झालं गं?" म्हणत तो मागे वळला, आणि अंगाबरोबर मुठीवरचा हातही वळला.

चेन तुटली नाही, मोटार अडखळलीसुद्धा नाही. सईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात हरेशशेठचा फोन आला तेव्हा सुजित पलंगाच्या पायथ्याशी मान खाली घालून बसला होता.

"क्या साईं, पुल चढ़ी?"

यज्ञेशनं फोन कानापासून दूर धरला. त्याला स्वतःची किळस येत होती. फोनमधलं सईला ऐकू गेलं होतं.

"सांग, चढली म्हणून," ती म्हणाली.

"सई, नको."

"मग घर कशावर चालवायचं? मी आता शिवणार आहे का? हो म्हण."

"चढ़ी, सेठ," तो म्हणाला. "दो सवारी थी."

शेठ खूश झाले. पुढच्या गाड्यांना हेच चक्र आणि हीच चेन मागवू ना, असं त्यांनी विचारलं. यज्ञेश हो म्हणाला, आणि सईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.