सायकलीला सांग

लोटन आबांची उभी हयात रस्त्यावर गेली. म्हणजे ते भटके होते असं कुणी समजू नये. ते रस्त्याच्या कामावर मैलकुली होते. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडं, धामणदरपासून उंबरपाड्यापर्यंत डोंगरातून जाणारा खडीचा रस्ता त्यांच्याच टोळीनं केला होता. वर डांबर पडणार होतं. आबा पोरसवदा होते तेव्हा पडणार होतं, आबा रिटायर झाले तेव्हाही पडणारच होतं. रस्त्याला कुणी नावं ठेवली की आबांना स्वतःच्या लेकराला नावं ठेवल्यासारखं लागायचं.

घरात माणसं तीन. आबा, भिकुबाई आणि सून प्रमिला. मुलगा अभिमन ट्रक चालवायचा, तो महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. प्रमिला निफाडकडची, द्राक्षबागांतली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आबांनी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता. त्या घराची रीतच तशी होती. सासऱ्यानं दारात खाकरायचं, सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे सांगायचं ते भिकुबाईमार्फत. चहात साखर कमी पडली तरी ती तक्रार भिकुबाईला वळसा घालून जायची, आणि तोवर चहा गार व्हायचा.

दिवाळीला प्रमिलाचा भाऊ आला. द्राक्षाच्या हंगामात हिला चार महिने माहेरी राहू द्या म्हणाला, विरळणीला तिच्यासारखा हात नाही. विरळणी म्हणजे घडातले बारके मणी कात्रीनं काढून टाकायचे, मग उरलेले फुगतात. पुढची अमावास्या झाली की न्यायला येतो, असं सांगून तो गेला.

"वहूले आठे गमतच नही," भिकुबाई रात्रीच्या भाकरी थापत म्हणाली. "जाऊ द्या तिले."

पोरीला इथं करमत नाही हे आबांनाही दिसत होतं. बाजरीच्या शेतात ती मुकाट्यानं राबायची आणि संध्याकाळी ओट्यावर डोंगराकडं बघत बसायची. पण ती गेली की घर खायला उठणार होतं. आणि एकदा चार महिने गेली की दर वर्षी जाणार, हेही आबांना कळत होतं. राहायचं की जायचं, हे तिच्या तोंडून ऐकावं असं त्यांना फार वाटे. विचारायचं कसं?

तेवढ्यात त्यांना मोहनलाल शेठ आठवला. साक्रीच्या या शेठनं उंबरपाड्याच्या उतारावर, लाल मुरमात, द्राक्षं लावली होती. बाग झकास आली, पण विरळणी करणाऱ्या बाया इकडं कुठल्या? आबा जाऊन भेटले तेव्हा शेठ म्हणाला, "सोमवारी सून वेळेवर आली तर काम तिचं, बाकीच्या बायांनाही तीच शिकवील. नाही आली तर मी नाशिकची टोळी बोलावतो." उंबरपाड्याला बस जात नव्हती. चालत जाऊन दिवसभर उभं राहून चालत यायचं म्हणजे बाई आठवड्यात आडवी झाली असती. सायकलच हवी.

गावातल्या दवाखान्याच्या नर्सबाईंची बदली झाली होती, त्यांची लेडीज सायकल आबांनी आणली. भिकुबाईला सून आत्ताच नाल्यात पडलेली दिसली, तिनं कपाळावर हात मारला.

"डोयावर पदर लिसन सायकल चालाडी ती? शिधी नायामा जाई पडी."

"मी मांगे ऱ्हासू," आबा म्हणाले. "मांगलाले काय दिसस? पदर उचला काय, नही काय."

तोडगा खरोखरच नामी होता. सासरा पाठीमागं असला की सुनेला पदर मागं टाकायला मोकळीक. आता हात न लावता सायकल धरायची कशी? आबांनी एक लांब वेळूची काठी कॅरिअरला करकचून बांधली आणि तिचं दुसरं टोक धरून ते मागं चालू लागले. राहिलं बोलणं. तेही जमलं. आबा सायकलीशी बोलू लागले.

"सायकल, पुढे देख. खाले देखू नको."

पुढून उत्तर आलं, सायकलीलाच. "सायकल, आबांना सांग, मी पुढंच बघतेय. रस्ताच खाली जातोय."

त्या पोरीला बोलता येतं, आणि असं बोलता येतं, हे आबांना त्या दिवशी कळलं. ते गालातल्या गालात हसले. मागं होते म्हणून बरं.

गावानं अर्थातच फुकटचा तमाशा सोडला नाही. पारावरून तोताराम ओरडला, "आबा, हायी गाय बाजारले लई चालनात का?"

"हाव. दूध देस नही, पन लाथ मारस," आबा म्हणाले. पुढं सायकलीवर खुदकन हसू आलं आणि सायकल गटाराकडं गेली.

सपाटीवर ती शिकली. गुडघे फुटले, एक बांगडी गेली, पण शिकली. उतारावरची खडी मात्र शिकायची राहून गेली आणि सोमवार उजाडला.

त्या सकाळी दोघं निघाले. पुढं प्रमिला, मागं काठी, काठीला आबा. चढावर ती उतरून चालली, सपाटीवर बसली. शेवटच्या वळणावर डोंगर उघडला आणि खाली शेठची बाग दिसली, उतारावर हिरव्या मांडवांच्या रांगा. प्रमिला क्षणभर थांबली. तिनं लांब श्वास घेतला तो आबांना मागूनही ऐकू आला. मग तिनं पायडल मारलं.

खडीवर सायकल सुटली तशी आबांना पळावं लागलं. मैलकुलीचे पाय झाले तरी ते आता म्हातारे होते. एक मोठा दगड अंगठ्याखाली फिरला, काठी हातातून निसटली आणि आबा आपणच पसरवलेल्या खडीवर सपशेल आडवे झाले. पाय मुरगळला, कोपर सोललं. तोंडातून हाक निघणार होती, ती त्यांनी दात आवळून गिळली. हाक ऐकली तर ती मागं बघेल, आणि मागं बघितलं तर डाव्या अंगाला नाला होता.

काठी सायकलीमागं खडखडत फरफटत चालली होती. त्या आवाजामुळं प्रमिलाला वाटत होतं आबा मागंच आहेत. ती बोलत होती. तिची मान बोलताना हलते तशी हलत होती, पदर वाऱ्यावर उडत होता. आबांच्या कानावर एवढंच आलं, "सायकल, आबांना सांग..." पुढचं खडीनं खाल्लं.

आबांनी जन्मात पहिल्यांदा त्या रस्त्याला शिवी दिली.

तशातही ते बघत राहिले. सायकल उतरली, डुलली, सावरली आणि बागेच्या फाटकापाशी उभी राहिली. आबांना असा काही आनंद झाला की पाय दुखतोय हे ते विसरले. मागोमाग भीतीही आली. ती काय म्हणाली असेल? जाते म्हणाली असेल. द्राक्षं बघून माहेर आठवलं असणार.

खाली प्रमिलानं मागं वळून बघितलं. काठी होती, आबा नव्हते.

ती सायकल ढकलत, धापा टाकत वर आली. हात हँडलला गुंतलेले, पदर खांद्यावर, कपाळावर घाम. दोन वर्षांत पहिल्यांदा आबांनी सुनेचा चेहरा पाहिला. लहान पोरीसारखा होता, आणि घाबरून रडवेला झाला होता. आबांनी रीतीप्रमाणं नजर खाली वळवली. पदर ओढायला तिच्याकडं हात मोकळा नव्हता आणि तिनं तो करून घेतलाही नाही.

"बसा कॅरिअरवर," ती म्हणाली. भिकुबाईला नाही, सायकलीला नाही.

आबांचं वजन ते काय, चिपाडासारखं. काठी सोडून त्यांनी मांडीवर आडवी घेतली, एका हातानं सीटची स्प्रिंग धरली. प्रमिलानं दोन्ही ब्रेक दाबून सायकल बैलासारखी धीरानं उतरवायला घेतली. आबा पुन्हा तिच्या पाठीमागंच होते, तेव्हा तशी रीतही मोडत नव्हती.

थोडं अंतर गेल्यावर आबा खाकरले. घराच्या दारात खाकरत तसेच.

"सायकल," ते म्हणाले, "वहू उतारवर काय सांगी ऱ्हायंती? मी मांगे पडी गयथू. माले आयकू उनं नही."

पुढं ब्रेक करकरले. आबांनी स्प्रिंग घट्ट धरली.

"माले आठेच गमस, आबा," प्रमिला म्हणाली.

सासरच्या बोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. भाऊ आला की त्याला चहा पाजून परत पाठवू, तेही तिनं पुढं सांगितलं, पण आबांचं लक्ष नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळं पुसता येत नव्हते. तरी रस्ता त्यांना पाठ होता.

"प्रमिला," ते म्हणाले, "पुढे खड्डा शे."