आठ घोड्यांची चक्री

औषधांच्या दुकानाची नवी पाटी लागून दोन दिवस झाले, आणि दुकानदाराचा फोन आला. पाटीवरच्या फोन नंबरचा शेवटचा आकडाच नव्हता.

पेंटरबाईंना ते पटेना. अठ्ठावीस वर्षं त्या पाट्या रंगवत होत्या. अक्षरं मोजल्याशिवाय आणि पट्टीने आखल्याशिवाय त्यांनी कधी ब्रश उचलला नव्हता. त्या तशाच उठून गेल्या, शिडीवर चढल्या. पाटीच्या उजव्या टोकाला पेन्सिलीने आखलेला सात होता, फक्त रंग भरायचा राहिला होता. तो सात त्यांना मान पुरती वळवल्यावरच दिसला.

"घाईत राहिला असेल," असं म्हणून त्यांनी तो तिथल्या तिथे भरून टाकला. घरी आल्यावर मात्र नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला बाजूचं दिसत नाही. बरेच दिवस झाले."

"बरेच म्हणजे किती?"

"वर्ष तरी झालं असेल."

नवरा झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक. कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरायचं, अडकलेला कागद काढायचा, झिजलेला रोलर बदलायचा, हे त्याचं काम. बोलणं जेवढ्यास तेवढं. बायकोने वर्षभर तोंडातून अक्षर काढलं नाही याचा त्याला राग आला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होती. तिने एका यंत्रासमोर पेंटरबाईंना बसवून अर्धा तास बारीक बारीक ठिपके दाखवले आणि मग छापून आलेला कागद दोघांसमोर ठेवला. कागदावर कडेचा सगळा भाग काळा होता, मधे थोडी जागा पांढरी उरली होती.

"काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. नजर कडेने आत आत जात राहते. दुखत-खुपत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायला बघू."

"टिकेल ना?" मेकॅनिकने विचारलं.

"थेंब चुकवू नका," डॉक्टर म्हणाली.

त्यांनी एकही थेंब चुकवला नाही. सकाळी सातला, दुपारी, रात्री जेवण झाल्यावर. तरी डोळ्यातला दाब उतरेना. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर दाब आटोक्यात राहिला आणि पुन्हा चढला. पेंटरबाईंनी नवीन कामं घेणं बंद केलं. हसायच्या मात्र अजून. म्हणायच्या, "तुमचं नाक बघितलं तर कान दिसत नाही, कान बघितला तर नाक दिसत नाही. बरं आहे, थोडे थोडे असलात की सोसवता."

अशातच एकदा त्या सहज बोलून गेल्या. उमेदवारीच्या काळात त्यांनी उस्तादांबरोबर एका बागेतल्या मेरी-गो-राउंडचे घोडे रंगवले होते. पुरे बारा. "त्यानंतर सगळा जन्म फोन नंबर आणि बाण काढण्यात गेला," त्या म्हणाल्या. "घोडे परत मिळाले नाहीत."

मेकॅनिकने ते मनावर घेतलं. भंगारात निघालेल्या एका मशीनमधून त्याने मोटर काढून आणली. कागद हळूहळू पुढे सरकवणारी, एकेक पाऊल टाकल्यासारखी फिरणारी मोटर. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या दुकानातून मोटर चालवायचा छोटा बोर्ड, एलईडी दिव्यांची पाकिटं आणि वायरची भेंडोळी आणली. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं.

"हे काय?"

"चक्री. आठ घोड्यांची. मी फिरवतो, तू रंगव."

पेंटरबाई बराच वेळ मोटरवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठच का? बारा का नाही?"

"टेबल केवढं आहे बघ की."

त्याने प्लायवूडचे घोडे कापले, वीतभर उंचीचे. पितळी सळ्यांवर बसवले. त्या सळ्या खालून दांड्याने वरखाली होतील अशी जोडणी केली. पहिला घोडा पेंटरबाईंनी तीन दिवसांत रंगवला. काळाभोर घोडा, लाल लगाम, आयाळीत गुलाबाचं फूल, डोळ्याला पापण्यासुद्धा. मेकॅनिक तो हातात धरून नुसता बघत राहिला.

"बोला ना काहीतरी."

"ठीक आहे," तो म्हणाला. त्या खळखळून हसल्या.

दुसरा घोडा तांबडा झाला, तोही असाच देखणा. तिसऱ्याला दोन आठवडे लागले. त्या घोडा नाकाजवळ धरायच्या आणि इंच इंच सरकवत रंगवायच्या. पाचव्यापर्यंत लगाम मानेवरून घसरून छातीवर आला होता आणि दोन डोळ्यांतला एक कपाळावर चढला होता. पेंटरबाईंना ते कळलं नाही. "कसा झालाय?" त्यांनी विचारलं. "चांगला झालाय," मेकॅनिक म्हणाला.

तो घोडा त्याने पिशवीत घालून कामावर नेला, सोबत त्यांचा बारीक ब्रश आणि दोन डब्या. दुपारच्या सुट्टीत गोदामात बसून त्याने लगाम जागेवर आणायचा प्रयत्न केला. त्याचा हात स्क्रू फिरवणारा. लगामाचा दोरखंड झाला. त्याने पुसला, पुन्हा काढला. संध्याकाळी घोडा गुपचूप जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेंटरबाईंनी ब्रश हातात घेतला आणि त्याच्या कडक झालेल्या केसांवरून अंगठा फिरवला. मग पाचवा घोडा उचलून त्याच्या मानेवर बोट ओढलं. रंगाचा जाड थर बोटाला लागला.

"माझ्या ब्रशला कुणी हात लावला?"

मेकॅनिकने हातातला स्क्रू खाली ठेवला.

"इतकं वाईट झालं होतं का?"

"लगाम थोडा खाली आला होता. थोडासाच."

"मग तसं सांगायचं होतं. चुकलेला असला तरी तो माझा होता." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. "आता हा ना माझा, ना तुमचा."

सहावा घोडा त्यांनी रंगवला, पण पापण्या काढल्या नाहीत. सातव्या आणि आठव्याला रंगाआधीचा पांढरा अस्तराचा हात दिलेला होता, ते तसेच राहिले. त्यांनी ब्रश धुऊन कापडात गुंडाळले आणि कपाटात ठेवून दिले. मेकॅनिकने एकदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "पांढरे घोडे नसतात की काय?"

आता काम त्याच्या एकट्याच्या हातात उरलं. दिवे चक्रीच्या छताला लावायचे, आणि छत फिरणारं. सरळ वायर दिली तर दोन फेऱ्यांत पीळ पडून तुटणार. त्याने मधल्या खांबाला तांब्याच्या पट्टीची दोन कडी बसवली आणि त्यांना घासत राहतील अशा दोन बारीक स्प्रिंगा लावल्या. करंट स्प्रिंगेतून कड्यात, कड्यातून दिव्यात. तीन रविवार दिवे लुकलुकत राहिले. चौथ्या रविवारी सगळे एकदम लागले. चक्री फिरली, घोडे वरखाली झाले.

त्याने पेंटरबाईंना हाताला धरून आणलं. "दिसतंय?"

"अंधुक," त्या म्हणाल्या. "उजेड कमी आहे का?"

त्याने उजेड वाढवला. दिवे दुप्पट केले. नंतर मोठे पांढरे दिवे आणले, इतके प्रखर की त्याचेच डोळे दिपायचे. दर रविवारी दुपारी पडदे ओढायचे, तिला खुर्चीत बसवायचं, बटण दाबायचं, आणि "आता?" असं विचारायचं. "आता बरं आहे," त्या म्हणायच्या. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

पेंटरबाईंची धाकटी बहीण गावातच राहायची. ती एक दिवस फॉर्म घेऊन आली. दृष्टी गेलेल्यांना काठी घेऊन चालायला, बोटांनी वाचायला आणि स्वयंपाकघरात वावरायला शिकवणारं एक केंद्र होतं. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू होणार होता. ताई झोपल्या आहेत असं बघून ती स्वयंपाकघरात आली.

"भावोजी, काल ताईने चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला. हातावर सांडला असता म्हणजे?"

"मी असतो ना घरी."

"कुठे असता? कामावर असता, नाहीतर त्या टेबलावर. तिला चहा ओतायला शिकवायचं सोडून दिवे कसले लावत बसलाय?"

"अजून तिला दिसतंय," मेकॅनिक म्हणाला. "कालच म्हणाली, बरं दिसतंय. फॉर्म ठेव, बघतो."

फॉर्म त्याने सुट्या दिव्यांच्या खणात ठेवला. महिना उलटला. वर्ग सुरू झाला असेल हे त्याला ठाऊक होतं. तारीख त्याच्या लक्षात होती. पण तो फॉर्म भरायचा म्हणजे बायकोचं नाव 'दृष्टिहीन' या शब्दासमोर स्वतःच्या हाताने लिहायचं. त्याच्याने ते झालं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. पडदे ओढले, पेंटरबाई खुर्चीत येऊन बसल्या. त्याने बटण दाबलं. मोटर सुरू झाली, घोडे निघाले, तिसऱ्या घोड्याची सळई नेहमीसारखी कुरकुरली. पण दिवे लागले नाहीत. एकही नाही. खोलीत पडद्याआडचा राखाडी उजेड तेवढा होता. स्प्रिंग निसटली असावी. 'थांब, वायर सुटली,' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात पेंटरबाई म्हणाल्या, "वा! आज छान दिसतायत दिवे. पिवळा वाढवलात का?"

त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चक्रीकडेच तोंड करून बसल्या होत्या, मान किंचित कलती, चेहऱ्यावर कौतुक. रंगवलेली पाटी लांबून बघताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा.

"हो," तो म्हणाला. "थोडा वाढवला."

"काळा घोडा उठून दिसतो त्याने."

काळा घोडा तेव्हा खांबाच्या पलीकडे होता. मेकॅनिकने खुर्ची ओढली आणि धपकन बसला.

"काय झालं हो?"

"दिवे लागलेच नाहीत," तो म्हणाला.

चक्री फिरत राहिली. तिसरा घोडा दोनदा कुरकुरून गेला. पेंटरबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मोठे दिवे लावलेत ना, तेव्हा उजेड आहे एवढं कळायचं. नंतर तेही गेलं. दोन महिने झाले असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तुम्ही दर रविवारी विचारायचात. तुमचा आवाज कसा यायचा, ते तुम्हाला नाही ठाऊक." त्या थांबल्या. "कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मेकॅनिकला रडता येईना. उठून त्याने बटण बंद केलं, आणि सवयीने पडदे उघडले. उन्हाचा झोत पेंटरबाईंच्या तोंडावर पडला. त्यांच्या डोळ्यांची पापणीही लवली नाही.

सोमवारी तो केंद्रावर गेला. फॉर्म भरून नेला होता. कार्यालयातल्या बाईंनी तो वाचला, दोन-चार गोष्टी विचारल्या. चालू वर्ग भरलेला होता, पुढचा सात महिन्यांनी.

"पूर्ण गेलीय का नजर?"

"हो."

"थोडं दिसत असताना आणलं असतंत तर त्यांना सोपं गेलं असतं," बाई म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या, माहिती देत होत्या. "उरलेल्या नजरेच्या आधाराने हाताला वळण लागतं. आता सगळं अंधारात सुरू करायचं. वेळ लागेल. काहींना जमतं, काहींना नाही जमत."

तो बाहेरच्या बाकावर बसला. समोरून एक माणूस काठी टेकत आला, बाकाला वळसा घालून गेला. मेकॅनिकने पाय आत घेतले.

मेहुणीला त्याने सगळं खरं सांगितलं. ती 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तिने एवढंच ठरवलं की ताई आता तिच्याकडे राहील, निदान पुढच्या वर्गापर्यंत. तिच्या घरी दिवसभर माणूस असतं, जिना नाही. पेंटरबाई नको म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. चार साड्या, थेंबांच्या बाटल्या. थेंबांचा आता उपयोग नव्हता, पण डोळे दुखू नयेत म्हणून डॉक्टरने चालू ठेवायला सांगितले होते.

निघताना त्यांनी टेबलाशी जाऊन चक्रीवरून एकदा हात फिरवला. सहा घोडे ओलांडून हात पांढऱ्यांवर आला, तसा त्यांनी काढून घेतला.

मेकॅनिक आता टेबलाच्या एका कोपऱ्यात ताट ठेवून जेवतो. चक्री हलवलेली नाही, स्प्रिंगही बसवलेली नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

कामावरून आला की तो फोन करतो.

"काय करतेस?"

"बसलेय."

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"हो."

तिकडे मेहुणीकडच्या नळाचा आवाज येतो, इकडे भिंतीवरचं घड्याळ. पेंटरबाई म्हणतात, "ठेवू का?" तो म्हणतो, "ठेव." पण ठेवत कुणीच नाही. बराच वेळ तसेच बसून राहतात, आणि मग तिकडून कुणीतरी त्यांच्या हातातून फोन घेऊन जागेवर ठेवतं.