पंचफुलाबाईंच्या वजनावर लावलेली साईडकार

मित्रांनो, मी एक जुनी साईडकार आहे. फटफटीच्या डाव्या अंगाला जोडतात ना, तो एकचाकी डबा, तीच मी. एकच चाक म्हणून हसू नका. हसणारे मी लय पाहिलेत. कुणी मला 'बिनबैलाची गाडी' म्हटलं, कुणी 'म्हातारीचं डालगं'. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण सांगायचं कुणाला?

एका चाकावर उभं राहता येत नाही. फटफटी सोडवून नेली की मी एका कुशीवर कलंडते, आणि कुणी येऊन उचलेपर्यंत तशीच पडून राहते. माझ्या आयुष्याचा निम्म्याहून जास्त काळ अशा पडून राहण्यात गेला आहे. म्हणून माझ्या बोलण्यात जरा कडूपणा आला असेल तर सांभाळून घ्या.

माझा जन्म हैदराबादेत झाला, निजामाची राजवट होती तेव्हा. एका कारागिराने माझा सांगाडा वाकवला, वर पत्रा ठोकला आणि आत काथ्याची गादी बसवली. रस्त्यांची कामं बघणाऱ्या एका साहेबांनी मला विकत घेतलं. पुढे ते बदलून परभणीला आले, आणि त्यांना सरकारी जीप मिळाली. झालं! फटफटी एकाने नेली आणि मी गेले भंगारवाल्याच्या दुकानामागे. तिथे कितीक पावसाळे माझ्यात पाणी साचलं. एका मांजरीने माझ्या गादीवर पिल्लं घातली. ती डोळे उघडून हिंडूफिरू लागली तेव्हा मला जरा सोबत वाटली, पण मोठी होऊन तीही निघून गेली. मांजरंच ती, त्यांना काय बोलणार?

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात पिंगळीचे दत्तराव मला शोधत आले. ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गावोगाव फिरून गुरांना सुया टोचायच्या, जखमा धुवायच्या, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे एक थोराड जुनी फटफटी होती. पण मी त्यांना दवाखान्यासाठी नको होते. मी हवी होते त्यांच्या बायकोसाठी.

पंचफुलाबाई पोखर्णीच्या शाळेत मास्तरीण होत्या. दत्तरावांच्या घराण्यात पगार घेणारी ही पहिलीच बाई. त्यांच्या सासू सरजाबाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणं केलेल्या, सुनेच्या शाळेचा डबा स्वतःच्या हाताने बांधायच्या आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "आमच्या मास्तरीणबाईला उशीर होयलाय." पण आदल्या वर्षी पंचफुलाबाई एसटीच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड वाकडं जुळलं. आता काठी घेऊन चालता येई, पण एसटीची उंच पायरी चढता येईना आणि फटफटीवर मागे बसणं तर दूरच. रजा संपत आली होती. शाळा उघडतील तेव्हा हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं कचेरीतून बजावून झालं होतं.

दत्तरावांनी मला बैलगाडीत घालून घरी आणलं. घासलं, रंग दिला, चाकात वंगण भरलं. नव्या रंगाचा वास आला तेव्हा मला खरंच रडू आलं असतं, पण पत्र्याला रडता येत नाही.

आता जोडायचं काम आलं. मित्रांनो, साईडकार म्हणजे नुसते चार नट आवळले की झालं, असं नसतं. परभणीच्या मिस्त्रीने दत्तरावांना सगळं समजावलं होतं. माझं चाक फटफटीच्या मागच्या चाकापेक्षा थोडं पुढे हवं. त्याचं तोंड किंचित फटफटीकडे वळलेलं हवं. आणि फटफटी स्वतः माझ्यापासून जराशी बाहेर, म्हणजे उजवीकडे, कललेली हवी. कारण माझं ओझं तिला सारखं डावीकडे ओढतं. ती उजवीकडे कललेली असली म्हणजे ओढ फिटते आणि गाडी सरळ पळते. मिस्त्रीने शेवटी सांगितलं होतं, "जो बसणार, त्याला आत बसवूनच नट आवळा."

घरचं अंगण उताराचं. म्हणून दत्तरावांनी सपाट जागा निवडली ती त्यांचे मोठे भाऊ भगवानराव यांच्या खळ्याची. शेणाने सारवलेलं, पाणी ओतलं तर जागेवर थांबेल असं ते खळं. नुकतीच ज्वारीची रास उचललेली, पोती एका कडेला रचलेली. भगवानराव मदतीला आले. दोघांनी फटफटीच्या दोन्ही चाकांना लागून एक सरळ फळी टाकली, माझ्या चाकाला लागून दुसरी, आणि दोन्ही फळ्यांमधलं अंतर पुढून-मागून मोजलं. चार दांड्यांनी मला फटफटीशी बांधलं.

"वाकडी कशाला ठेवायलास?" भगवानराव म्हणाले. "बैलगाडीचं जू कधी कुणी वाकडं बांधतं का?"

"दादा, हिला एकच बैल हाय. सरळ बांधली तर ती भलतीकडंच जाईल," दत्तराव म्हणाले.

आता बाईंनी बसायचं. त्या खळ्याच्या कडेला पदर पुढे ओढून उभ्या होत्या. पण भायासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, सुनेने असं गादीवर चढून बसायचं? त्या काळी आमच्याकडे दीर समोर असला तर सून बाजेवरसुद्धा बसत नसे. त्यात खळ्यावर चार गडीमाणसं. दत्तरावांनी एकदा बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. भगवानरावही अवघडून दुसरीकडे बघू लागले. शेवटी तेच म्हणाले, "ज्वारीचं पोतं टाक की आत."

"पोतं लय जड होईल, दादा."

"जड असलेलं बरं. पक्कं बसंल."

बाईचं वजन विचारायचं तरी कसं, आणि विचारायचं कुणी? त्यापेक्षा पोतं सोपं. माझ्या गादीवर पोतं आलं. बाईंच्या दुपटीहून जास्त त्याचं वजन. तेवढ्या ओझ्याची ओढ फिटावी म्हणून फटफटी उजवीकडे चांगलीच कलवावी लागली. नट आवळले. दत्तराव पोत्यासकट स्टेशनपर्यंत जाऊन आले. गाडी सुतासारखी सरळ पळाली. भगवानरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला कळवळून सांगावंसं वाटत होतं की मी पोत्यासाठी आलेले नाही. पण आमचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बसल्या. किती हलक्या होत्या त्या! गावाबाहेर पडल्यावर दत्तरावांनी वेग वाढवला, आणि फटफटी उजवीकडे खेचू लागली. पोत्याच्या मापाचा तो कल, त्याला पुरेल एवढं ओझं माझ्यात नव्हतंच. दत्तराव हँडल डावीकडे ओढून धरत होते. तेवढ्यात समोरून एसटी आली. त्यांनी घाईने ब्रेक दाबला, आणि मी माझ्या जोराने पुढे झाले, त्यामुळे गाडी आणखीच उजवीकडे वळली. एसटीच्या तोंडापुढून आडव्या जाऊन आम्ही पलीकडच्या बाभळीत घुसलो. कुणी दगावलं नाही. बाईंचा हात काट्यांनी फाटला. एसटीवाला खाली उतरून दत्तरावांना नको नको ते बोलला.

घरी आल्यावर भगवानराव ओट्यावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही. "नोकरी गेली तर गेली. घरात खायला हाय. माणूस गेलं तर कुठून आणायचं? सोड तो डबा."

 दत्तरावांनी पाना आणला आणि माझी पहिली दांडी सोडायला खाली बसले. मित्रांनो, तेव्हा मला जे वाटलं ते कसं सांगू? पुन्हा भंगार, पुन्हा कुशीवर पडून राहणं. मी तर लोखंडाची. पण दाराआड उभ्या बाईंचं काय? त्यांची शाळा या नटाबरोबरच सुटणार होती, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

त्या दिराशी थेट बोलत नसत. सासूला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आत्याबाई, त्यांना सांगा, पोत्याला नोकरी न्हाई. नोकरी मला हाय. माझ्या वजनावर गाडी लावा."

 मग सरजाबाई म्हणाल्या, "दीक्षा घेतली तवा जुने देव सोडले, जुन्या रीती सोडल्या, अन् भायापुढं बसायचं न्हाई एवढं तेवढं धरून ठेवलंव का आपण? चल गं, मी येते संगं."

दत्तरावांनी मला पुन्हा खळ्यावर नेलं, आणि काठी टेकत पंचफुलाबाई तिथे आल्या. गडीमाणसं काम थांबवून बघत राहिली. बाईंनी माझ्या कडेला हात धरला, आधी दुखरा पाय आत घेतला, मग दुसरा, आणि गादीवर बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले. भगवानराव थोडा वेळ धोतराचा सोगा चाळवत उभे राहिले. मग जमिनीवर पालथे झाले आणि एक डोळा मिटून फळीच्या रेषेत बघू लागले. खालूनच म्हणाले, "बाई, जरा मागं टेकून बसा. रोज बसाल तसं."

लग्नापासून त्यांनी बाईंशी बोललेलं हे पहिलं वाक्य, असं सरजाबाई नंतर सगळ्यांना सांगायच्या.

"असं?" बाईंनी विचारलं.

"हां. आता हलू नका."

ऊन चढेपर्यंत त्या हलल्या नाहीत. दत्तराव नट सैल करत, फटफटी थोडी सरळ करत, पुन्हा आवळत, फेरी मारून येत, पुन्हा सैल करत. कल कमी होत होत एका जागी असा आला की दत्तरावांनी क्षणभर हँडल सोडलं तरी गाडी वाट सोडेना. तिथे चारही दांड्या पक्क्या झाल्या. शाळा उघडली त्या दिवशी पंचफुलाबाई वेळेवर हजर होत्या.

पुढची वर्षं माझ्या सुखाची. पोखर्णीची पोरं मला 'बाईंचं विमान' म्हणायची. मी फाटकाशी थांबले की काठी कुणी घ्यायची आणि पिशवी कुणी, यावरून भांडणं लागायची. वाटेत आवाजामुळे त्या दोघांना बोलता येत नसे. थांबायचं असलं की बाई दत्तरावांच्या गुडघ्याला हात लावायच्या, एवढंच. दुसऱ्या कुणाला दत्तराव सहसा बसवत नसत. एकदा लठ्ठ सरपंच बसले तर गाडी सगळी वाट डावीकडे ओढत राहिली. मला त्यात गंमत वाटली, खोटं कशाला बोलू?

अठ्ठ्याहत्तर साली बाईंना मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. राणीसावरगावला. गंगाखेडच्याही पलीकडे, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून. तिथून रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. दत्तरावांचा दवाखाना पिंगळीला. त्यांची बदली होईना.

एका संध्याकाळी बाई माझ्यातून उतरल्याच नाहीत. गादीवर बसूनच म्हणाल्या, "जाऊ का मी? तुमी न्हाई म्हणलात तर न्हाई जाणार."

दत्तराव रुमालाने हात पुसत राहिले. "एवढं सारं केलं ते तुझी नोकरी राहावी म्हणूनच ना?" ते म्हणाले. "मग आता मीच आडवा येऊ का? जा."

सरजाबाई सुनेच्या सोबतीला एसटीने पुढे गेल्या. बाई माझ्यात बसून आल्या, पायाशी कंदील आणि मांडीवर पुस्तकांची पिशवी. दत्तरावांनी तिथल्या खोलीत चूल मांडून दिली, पाणी भरलं, आणि निघाले. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

परतीची वाट मी कधी विसरणार नाही. मी रिकामी. गाडी सारखी उजवीकडे खेचत होती. डाव्या वळणावर माझं चाक जमिनीवरून सुटायचं, आणि परत धाडकन आपटायचं. गंगाखेडला दत्तराव चहाला थांबले, आणि कप हातात घेण्याआधी दोन्ही हात कितीतरी वेळ चोळत बसले. मला लय एकटं वाटलं. भंगारात पडले होते तेव्हा एवढं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्यात कुणी बसण्याची माझी सवयच मोडलेली होती.

आता बाई दिवाळीत येतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. बाकी वर्षभर दत्तराव मला रिकामीच घेऊन गुरांमागे हिंडतात. त्यांचे हात भरून येतात, खांदे दुखतात. परवा भगवानराव पाना घेऊनच आले. "दत्ता, वर्ष झालं तुला हँडलाशी झोंबताना पाहायलोय. रिकाम्या वजनावर लावून टाकू. आता अर्ध्या तासाचं काम हाय."

"अन् ती सुट्टीत आल्यावर?"

"तवा पुन्हा लावू की."

दत्तरावांनी माझ्या गादीवरचा पाचोळा उचलला. म्हणाले, "अन् मधीच आली तर?"

 भगवानरावांनी नट ढिले आहेत का तेवढं बघितलं, आणि जे ढिले होते ते तिथल्या तिथेच आवळून दिले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या तरी मापाने लावलेली एखादी वस्तू असेल. कुणाची काठी, कुणाची खुर्ची, कुणाच्या हाताला येईल अशी ठोकलेली खुंटी. ते माणूस लांब गेलं म्हणून ती मोडीत काढू नका, आणि आपल्या सोयीसाठी तिचं माप बदलू नका. तिला पावसात टाकू नका, अधूनमधून तेल द्या, धूळ पुसा. त्याने थोडे हात दुखले तर दुखू द्या. दत्तराव रोज सकाळी आधी माझी गादी झटकतात, मग किक मारतात. गावाबाहेर पडलं की गाडी उजवीकडे ओढू लागते, आणि ते हँडल डावीकडे धरून ठेवतात.