निलंग्याची इंग्रजी

इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये ‘काही नाही’ला ‘नाउट’ म्हणतात.

बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर चार दिवस टिकतात.

माझ्या ब्लॉगचे वाचक दोनशे सत्तावीस. त्यातले अकरा माझेच विद्यार्थी, धाकानं आलेले.

लातूरला गाडी बदलावी लागते.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. क्रम लावून बघते.

मी सुकन्या. नांदेडला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि इंग्रजीत ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हणजे खरं तर रत्नम्मा आत्या. निलंग्यात देवळाजवळ तिचं विभूती-कापराचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ती मला व्हॉइस नोट पाठवते. नव्या सुनेनं फ्रीजमधली बेलाची पानं पालेभाजी समजून निवडायला घेतली, असलं काहीतरी. मी ते इंग्रजीत उतरवते. खाली नाव माझं. तीन वर्षं हे चाललं होतं आणि आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

पुस्तकी इंग्रजीत घातली की आत्या बँकेच्या पत्रासारखी बोलायला लागायची. म्हणून मी तिला यॉर्कशरची बोली दिली. पीएचडीला तीच अभ्यासली होती, हाताशी होती.

मग एक प्रतिक्रिया आली. लिहिणारा तिकडचा निवृत्त बसड्रायव्हर. ‘माझी आई हुबेहूब अशीच बोलायची. ही बाई आमच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या कोणत्या गावची? आणि बेल म्हणजे काय?’

कौतुकच होतं. उत्तर लिहायला घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडले. आत्याला मी निलंग्यातून उचलून खाणीशेजारी नेऊन बसवलं होतं, तिला न विचारता. सांगितलं तर ती बोलणं बंद करील, आणि तिच्याशिवाय माझ्याकडे लिहायला काय आहे?

(इथं बोलीभाषांवर एक लांब परिच्छेद होता. विद्वान दिसत होता. काढला.)

रविवारी निघाले.

लातूर स्टँड. बाकावर मेडिकलच्या क्लासच्या दोन मुली. दिवसभर इंग्रजीच बोलायचं, अशी त्यांची पैज असावी.

‘सर इज सेइंग, यू आर सिटिंग अँड सिटिंग ओन्ली.’

‘देन?’

‘देन व्हॉट. आय स्टुड. ही इज सेइंग, नाउ यू आर स्टँडिंग अँड स्टँडिंग.’

शब्द इंग्रजी, पण हेल लातूरचा. रुसवा लातूरचा. आत्या इंग्रजीत बोलली असती तर अशीच बोलली असती. मी तिचा आवाज समुद्रापलीकडे शोधत होते, आणि तो इथं सॅक मांडीवर घेऊन निलंग्याच्या गाडीची वाट बघत होता.

दुकानात आत्या विभूतीचे गोळे कागदात बांधत होती. मी सगळं सांगून टाकलं. बेलाचा प्रसंग आधी इंग्रजीत वाचला, मग त्याचंच मराठी करून.

‘हे कोन बोलायलंय?’

‘तूच, आत्या.’

‘मी न्हाई. ही कोनी तरी गोरी बाई हाय. माज्या सुनेला नावं ठिवायलीय.’

मी फोन खाली ठेवला.

‘आन् खाली नाव कुनाचं?’

‘माझं.’

‘वा. सून माजी, पाला माजा, बोलले मी. तू काय केलं गं?’

‘लिहिलं.’

‘ते बी तिसरीच्याच बोलीत.’

ती गोळे बांधत राहिली. एक बाई येऊन कापूर घेऊन गेली. आत्यानं तिच्याशीही अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, संपलं.

‘कामून सांगितलं न्हाई?’ तिनं वर न बघता विचारलं.

‘तू बोलायची थांबशील म्हणून.’

‘मी?’ आता तिनं वर बघितलं. ‘आमचे मालक चाळीस वर्सं सांगून थकले. तू तर फकस्त पोरगी हाईस.’

मग कागदाला गाठ मारून म्हणाली, ‘नाव घाल. माजं वर, तुजं खाली. आन् त्या डायवरला सांग, मी निलंग्याची. ऱ्हाऊ दे, मीच सांगते. बेल म्हंजी काय ते बी सांगते. तू मधी पडू नको.’

तिनं माझ्याच फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि त्या माणसाशी, तो समोर स्टुलावर बसला असल्यासारखी, चार मिनिटं मराठीत बोलली. मध्येच त्याला त्याच्या आईचे गुडघे दुखायचे का, तेही विचारलं.

मी तो आवाज जसाच्या तसा ब्लॉगवर टाकला. खाली लातूर स्टँडवरच्या इंग्रजीत मजकूर. पहिलं नाव रत्नम्मा.

ड्रायव्हरचं उत्तर दुपारी आलं: ‘तुमचं लिहिलेलं मागाहून वाचलं. आधी नुसतं ऐकलं. दोनदा.’

आत्याला वाचून दाखवलं. तिनं दुसरी नोट सुरू केलीसुद्धा.

आत्याची सगळ्यात पहिली व्हॉइस नोट माझ्यासाठी नव्हती. ती तिला गॅसवाल्याला पाठवायची होती, चुकून मला आली.