खोक्यावर न मावलेलं नाव

सेफिनाला खुर्चीत बसवेना. वादळ संध्याकाळी येणार, मदतीची होडी दुपारी सामोआच्या आपिया बंदरातून सुटणार, आणि पलीकडच्या बेटावरल्या वरच्या गावासाठी कॉम्प्युटर इन्सुलिनची एकही कुपी दाखवत नव्हता. त्या गावात तिची आई होती.

चूक सापडली तेव्हा तिचं डोकंच फिरलं. प्रत्येक गावाची नोंद त्याच्या पूर्ण मानाच्या नावानेच ठेवायची, हा मदत कचेरीतल्या वयोवृद्ध वक्त्यांचा, सभेत गावांची मानाची नावं म्हणणाऱ्या लफाएले काकांचा हट्ट. बेटावरच्या दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, त्यामुळे लांबलचक नावंही सारखीच. वरचं की खालचं ते अगदी शेवटी कळणार. आणि हा मेला सर्व्हर ठरावीक अक्षरांपुढचं नाव गुपचूप छाटत होता. खालच्या गावाची नोंद सरळ वरच्या गावाच्या नोंदीवर जाऊन बसली होती. बॅकअप होता, पण तो भरतानाही तेच होणार.

"बॅकअपमधली नावंच बदलते. गाव एक, गाव दोन," ती म्हणाली. "सर्व्हर दुरुस्त करायला वेळ नाही."

"आणि खोक्यांवरही तेच छापणार?" काकांनी कोकोचा पेला खाली ठेवला. "मागच्या वादळात अर्ध्या नावाने तांदूळ धाडलेत. गावाने अपमान समजून तसाच परत पाठवला. विसरलीस?"

"काका, माझी आई आहे तिथे."

"माझेही भाऊबंद आहेत. जीव गेला तरी असलं खोकं घ्यायचे नाहीत ते."

तिने संतापाने कीबोर्ड पुढे ओढला. तिने नावं बदलली, बॅकअप भरला. दोन्ही गावं वेगळी झाली, आईच्या गावापुढे कुप्या दिसल्या. तरी जीव थाऱ्यावर येईना. आईच्या गावासाठीचं, 'गाव दोन' छापलेलं इन्सुलिनचं खोकं उराशी धरून ती धक्क्यावर धावली.

काका आधीच होडीत बसले होते, हातात वक्त्याची काठी.

"तुम्ही कुठे निघालात? तुम्हाला तर बंदरातल्या बंदरातही ओकारी येते."

"खोक्यावर नाव मावत नाही ना? मग कुणीतरी ते सोबत न्यायला नको?"

"आज परतता नाही येणार, काका."

"नावं पूर्ण लिहायला मीच लावलं होतं ना? आण ते खोकं."

होडी सुटली. पहिल्याच लाटेला काका वाकून ओकले. मग तोंड पुसून त्यांनी वरच्या गावाचं नाव घोकायला घेतलं. अर्ध्यावर पुन्हा उमासा आला. ते थांबले, आणि नाव पहिल्यापासून म्हणू लागले.