तिसऱ्यांदा मागायचं राहिलं

ऑकलंडच्या खाटीकखान्यात कानाला बोळे लावून एकतीस वर्षं काढलेला माणूस गावचा वक्ता होतो का कधी? पण सामोआत घराण्याचं पद घराण्यातच राहतं. थोरला भाऊ गेला आणि वक्त्याची काठी सेमिसीच्या हातात आली. बायकोमुलं तिकडेच राहिली. तो एकटा गावी परतला, तेव्हा चार माणसांत नाव सांगतानाही त्याचा घसा बसायचा.

सिनाताईनं त्याला हाती धरलं. आईमागे तिनंच त्याला वाढवला होता. रोज दुपारी ती त्याला अळूच्या वाफ्याच्या या टोकाला उभं करायची आणि स्वतः त्या टोकाला जाऊन बसायची. ऐकू आलं नाही की हात वर. पाय रोव, घाई करू नकोस, लोक गप्प होईपर्यंत तोंड उघडू नकोस. आठ महिन्यांत तिचा हात वर जायचा थांबला. आणि नवव्या महिन्यात ताईच गेली.

आता तिच्या मातीला आलेल्या पाहुण्यांसमोर बोलायचं होतं. जन्मात एकदा सेमिसीला खरंच बोलायचं होतं. शब्द न् शब्द तयार होता.

सकाळी पाहुणे भेटीच्या चटया घेऊन मैदानाच्या पलीकडे बसले. अलीकडे गावचे वक्ते उठले आणि रीतीप्रमाणे कोण बोलणार याची ओढाताण सुरू झाली. इथे मान कुणी ताटात वाढून देत नाही. प्रत्येकानं मागायचा, दुसऱ्यानं अडवायचा, पुन्हा मागायचा. बाकीचे एकेक करून बसले. उरले सेमिसी आणि म्हातारा अनेसी.

अनेसी म्हणाला, "पोरा, तुझ्या काळजावर दगड आहे. आजचा भार मला दे."

"नाही बाबा, माझी बहीण आहे. मीच बोलतो."

अनेसीनं पुन्हा मागितलं. सेमिसीनं पुन्हा नाही म्हटलं, पण जरा हळू. मग म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला, "माझे केस पिकलेत, सेमिसी. मला बोलू दे."

आणि या शहाण्याला वाटलं, म्हाताऱ्याला खरंच हौस आहे. वडील माणसाला किती अडवायचं? एकतीस वर्षं मुकादमाला 'हो साहेब' म्हणालेली जीभ ती. "बरं बाबा, तुम्हीच बोला," म्हणाला आणि मटकन खाली बसला. भीड भिकेची बहीण, दुसरं काय!

अनेसी क्षणभर तसाच उभा राहिला. मग बोलला. घराण्यांची नावं आली, देवाचं नाव आलं, सगळं यथासांग झालं. सिनाताई कशी होती, ते मात्र त्यात कुठेच नव्हतं. ते त्याला ठाऊकच नव्हतं.

जेवणं उरकली, पाहुणे गेले. सेमिसी ओल्या सिमेंटच्या थडग्याशी एकटाच बसला होता. अनेसी काठी टेकत आला.

"का बसलास खाली?"

"मला वाटलं, तुम्हाला बोलायचंय."

"मला? माझ्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. सिना महिन्यापूर्वी माझ्याकडे आली होती. म्हणाली, माझ्या मातीला बोलायचा मान त्याला सहज देऊ नका, मागायला लावा. एवढं कबूल करा, मी सुखानं जाईन." म्हातारा काठीवर रेलला. "एकदा आणखी नाही म्हणाला असतास, तर मी बसणारच होतो."

अनेसी हळूहळू मैदान ओलांडून पलीकडे पाहुण्यांच्या जागी जाऊन बसला आणि हाताने खूण केली, बोल.

सेमिसी उठला. पाय रोवले. आवाज निघाला, भरदार, कुठेही न अडखळणारा. मैदानापलीकडच्या घरांतून बायका बाहेर येऊन बघू लागल्या. सकाळीही हा आवाज एवढाच भरदार होता, हे त्याला पहिल्याच वाक्याला कळलं, आणि पुढचं सगळं भाषण त्यानं रडत रडत केलं.